पंचांग पाहून अष्टागर

मुंबईहून अलिबागला निघालेल्या माणसाला बहुतेक वेळा अलिबाग बघायचं नसतं. त्याला दोन दिवस मुंबई नको असते. मांडव्याला उतरायचं, गाडी करून बंगल्यावर पोचायचं, संध्याकाळी वाळूत पाय सोडून बसायचं आणि रविवारी रात्री परत. त्यात वाईट काही नाही. शहरात राहणाऱ्याला एवढी सुटका हवीच. पण ज्या रस्त्यावरून ही मंडळी काशिदच्या वाळूकडे गाड्या पिटाळतात, त्याच रस्त्यावर आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा आणि खाडीपलीकडे कोर्लई अशी गावं आहेत. पंचवीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर, पोर्तुगीजांचा कोट, ज्यूंचे सिनेगॉग, आंग्र्यांचं आरमारी ठाणं आणि जगात दुसरीकडे कुठेही न बोलली जाणारी एक भाषा आहे. गाडी थांबलीच तर शहाळ्यासाठी थांबते.

गेल्या काही वर्षांत दहा-बारा माणसं घेऊन, एका दिवसात हा पट्टा दाखवणाऱ्या सहली निघू लागल्या आहेत. काढणारे कोणी इतिहासाचे अभ्यासक, कोणी डोंगरभटक्या मंडळींतून आलेले, कोणी इथलेच. मार्गशीर्षातल्या अशाच एका सहलीत मी सामील झालो. बारा माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक वाटाड्या. वाटाड्या चौलचाच. इतिहासात एम. ए., घरची नारळी-पोफळीची वाडी, संध्याकाळी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या. नाव छापू नका, असं त्यानेच सांगितलं. "नाव आलं की पन्नास सीटरवाले फोन करतात. नाही म्हणायला जीभ वळत नाही आणि हो म्हटलं की रेवदंड्याच्या गल्लीत बस अडकते."

हे त्याने हसत सांगितलं, पण या धंद्याचं सारं मर्म त्यात आहे. बारा हा आकडा त्याने हौसेने धरलेला नाही. चौलच्या वाड्यांमधून जाणारे रस्ते दोन गडग्यांच्या मध्ये जेमतेम एका गाडीपुरते आहेत. सिनेगॉगचं दार उघडणारा माणूस एकटा असतो. ज्या घरी जेवायचं, तिथल्या ओटीवर दोन पंगतींत मिळून पंधरा पानं बसतात. कोर्लईच्या आळीत पन्नास माणसं शिरली तर गावाला ती मिरवणूक वाटेल. ही गावं बारा माणसं सहज सामावून घेतात, पन्नास आली की दारं लोटून घेतात.

तारीख ठरवण्याची त्याची रीतही पाहण्यासारखी आहे. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात उभा आहे आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. ओहोटी नेमकी कधी, हे पाहून घरून निघणारे थोडे. शनिवार-रविवार बघून आलेली कुटुंबं भर दुपारी किनाऱ्यावर उभी राहून, समोरच्या पाण्याकडे आणि एकमेकांकडे पाहताना दर आठवड्याला दिसतात. किनाऱ्यावरच्या माणसाचा हिशेब मात्र तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. सहलीला याहून सोयीचा दिवस कोणता, असं आपल्याला वाटतं. पण अष्टमीला समुद्राला भांग असते. पाणी फार चढत नाही, तसं फार उतरतही नाही, आणि भर ओहोटीलाही वाटेत गुडघाभर पाणी लागू शकतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी दूर मागे सरतं, पण ओहोटी येते सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. एकदा बोट चुकवून, एकदा अंधारात.

मग जमतं कधी? द्वादशीच्या आसपास. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती, तीनच्या सुमाराला ओहोटी आणि पौर्णिमा किंवा अमावास्या तीन दिवसांवर आल्यामुळे पाणीही बऱ्यापैकी हटलेलं. म्हणून आमच्या सहलीत रेवदंडा-कोर्लई आधी होतं आणि मुंबईहून येताना पहिलं लागणारं अलिबाग शेवटी. पंचमीची सहल असती तर सकाळी पावणेदहाला ओहोटी, म्हणजे सगळा क्रम उलटा. पंचांगाच्या जोडीला तो छापील भरती-ओहोटीचं कोष्टकही बघतो, कारण मिनिटांच्या बाबतीत पाऊणपटीवर विसंबून चालत नाही. आणखी एक पथ्य: शनिवार टाळायचा. तो ज्यूंचा शब्बाथ, त्या दिवशी सिनेगॉगमध्ये पर्यटक घेऊन जाणं शोभत नाही. आमची द्वादशी शुक्रवारी आली. नोकरदारांनी रजा टाकली.

गेटवेहून मांडव्याचा प्रवास तासाभराचा. पावसाळ्यात या लाँच आणि कॅटमरान बंद असतात. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाल्यापासून गाडीसकट पलीकडे जाता येतं, पण वाटाड्याला ती पसंत नाही. "गाडी सोबत आली की प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं होतं." थंडीत समुद्रपक्ष्यांचे थवे बोटीमागे उडत येतात आणि लोक त्यांना कुरकुरे फेकतात. सूचना ऐकू येते, कुरकुरे थांबत नाहीत.

पहिला थांबा आक्षीला, रस्त्यालगत. इथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, आणि आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातलं हे दानपत्र. शाळेत आपण सगळेच श्रवणबेळगोळ घोकत आलो. आक्षीचा लेख त्यापेक्षा जुना वाचला गेला आहे, हे गाडीतल्या बहुतेकांना नव्याने कळलं. दगड पाहून अंगावर काटा वगैरे येत नाही. अक्षरं झिजलेली आहेत आणि शेजारून वाळूचे, दगडांचे डंपर धडधडत जातात. बघायला पाच मिनिटं पुरतात. तरी मला विचाराल तर एवढ्या एका थांब्यासाठीसुद्धा मी हा रस्ता धरेन.

रेवदंड्यात शिरताना कळतच नाही आणि आपण किल्ल्यात असतो. अलिबाग-मुरूड रस्ता तटबंदी फोडूनच आत जातो आणि पुढे माडांच्या बागा, कौलारू घरं, दुकानं, शाळा हे सगळं कोटाच्या आत आहे. इथले लोक त्याला आगरकोट म्हणतात. आमच्यातला दहा वर्षांचा मुलगा तटाकडे आणि तटाला लागून वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहून म्हणाला, "इथे राहणाऱ्यांना रोज तिकीट काढावं लागतं का?" वाटाड्याने त्याला गंभीरपणे उत्तर दिलं: नाही, पण घराची भिंत दुरुस्त करायची तर पुरातत्त्व खात्याचे नियम आडवे येतात. संरक्षित वास्तूच्या कुशीत संसार करणाऱ्यांची ही बाजू कुठल्याच पर्यटन पुस्तिकेत छापलेली नसते. गावकऱ्यांना किल्ल्याचा अभिमान आहे आणि किल्ल्याची कटकटही आहे, दोन्ही खरं.

चौल आणि रेवदंडा ही जुळी गावं. जुनं बंदर चौलचं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत चेमूलच्या दात्यांचा उल्लेख आहे, दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात ते आहे आणि दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी इथे येऊन गेला, त्याने याला सैमूर म्हटलं. कापड इथून जायचं, घोडे इथे यायचे. १४६९ च्या सुमाराला होर्मुझहून असाच एक घोडा घेऊन एक माणूस चौलच्या धक्क्यावर उतरला. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितिन. वास्को द गामा कालिकतला पोचायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. त्याला हा एक घोडा विकून नफा करायचा होता. झालं भलतंच: जुन्नरच्या खानाने घोडा जप्त केला आणि धर्म बदललास तर घोडा परत देतो, वर पैसेही देतो, असं सांगितलं. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने निकितिनचा घोडाही वाचला आणि धर्मही. परतीच्या वाटेवर, आपल्या गावी पोचण्याआधीच तो वारला. मागे राहिली ती त्याची वही.

रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. मैदानावर मुलांचा क्रिकेटचा डाव चालू होता आणि चेंडू स्मारकाच्या दिशेने आला तर चौकार, असा काहीसा नियम असावा. गटातल्या निवृत्त शिक्षिकेला 'परदेसी' आठवला. १९५७ चा भारत-सोव्हिएत सहनिर्मितीचा चित्रपट, ख्वाजा अहमद अब्बास यांचा. नर्गिस आणि बलराज साहनी त्यात होते. निकितिनवरचाच. त्यांनी तो लहानपणी पाहिला होता आणि त्यात दाखवलेलं बंदर म्हणजे हेच, हे त्यांना आज कळत होतं.

इथून वाटाड्या आम्हाला तटाच्या समुद्राकडच्या बाजूला घेऊन गेला. समोर कुंडलिकेच्या खाडीचं मुख, पलीकडे कोर्लईचा लांबट डोंगर. त्याने फोन, नकाशा काहीच काढलं नाही. नुसता हात करून १५०८ ची लढाई उभी केली. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार मीर हुसेनच्या हाताखाली, त्याच्या मदतीला गुजरातचा मलिक अयाझ. आणि खाडीत पोर्तुगीज गव्हर्नर फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो. लढाईच्या शेवटी खुल्या समुद्राकडे निघताना लोरेन्सोचं जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. बाकीची जहाजं निसटली, हे राहिलं. तोफगोळ्याने त्याची मांडी फुटली, तरी डोलकाठीपाशी बसून तो हुकूम देत होता. दुसरा गोळा छातीवर आला. हिंदी महासागरातला पोर्तुगीजांचा हा पहिला पराभव. पुढच्या वर्षी बापाने दीवला त्याचा सूड घेतला आणि त्या विजयाने पश्चिम किनाऱ्याचं शतकभराचं भवितव्य ठरलं. "इतिहासात मलिक अयाझचं नाव आहे," वाटाड्या म्हणाला, "खुंट कोणी रोवले त्याचं नाही." आजही खाडीत खुंट आहेत. एक होडी त्यांच्या मधून वळणं घेत बाहेर पडत होती.

१५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना इथे कोट बांधायला परवानगी दिली. पन्नास वर्षांनी, १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने त्याच कोटाला कित्येक महिने वेढा घातला आणि तो हातात आला नाही. वसई पडल्यावर १७४० मध्ये तह होऊन कोट मराठ्यांकडे आला. आत आता चर्चच्या भिंती, कमानी आणि सातखणीचा मनोरा उरला आहे. मनोरा फ्रान्सिस्कन चर्चचा. चौकोनी, खिडक्यांच्या रिकाम्या चौकटी एकीवर एक, आणि आजूबाजूला पोफळी. फोटो सगळ्यांनी काढले. कुणीतरी भुयाराचं विचारलंच. भुयाराशिवाय किल्ला आपल्याकडे पुरा होत नाही. "भुयाराचं मला विचारू नका," वाटाड्या म्हणाला. "माझ्या आजीला माहीत होतं, मला कागदात सापडलेलं नाही." मी अनेक किल्ल्यांवर अनेक वाटाड्यांना ऐकलं आहे, एवढं सरळ उत्तर क्वचित मिळालं.

साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला डोंगराच्या कण्यावर, तिन्ही बाजूंना पाणी. पोर्तुगीज त्याला चौलचा मोर्रो म्हणत. १५९४ मध्ये निजामशाहीने इथे तटबंदी उभारून खाडीचं तोंड आवळायला सुरुवात केली आणि त्याच सप्टेंबरात पोर्तुगीजांनी हल्ला करून डोंगर जिंकला. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढून वर गेलं की एकामागून एक दरवाजे लागतात, चर्चचे अवशेष लागतात, आणि दोन्हीकडे समुद्र दिसतो. आम्ही अर्ध्या वाटेवरूनच उतरलो. हा या सहलीतला खरा दोष. ओहोटीला बांधलेल्या दिवसात कोर्लईच्या वाट्याला सव्वा तास येतो आणि या किल्ल्याला निदान तीन तास द्यायला हवेत. वाटाड्यालाही हे मान्य आहे. "एक दिवसाची सहल म्हटली की कुणाचा तरी बळी जातो" म्हणाला.

वर कमी वेळ काढला तो खाली गावासाठी. कोर्लईच्या पायथ्याच्या ख्रिस्ती आळीत हजाराच्या आतबाहेर माणसं एक भाषा बोलतात. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात. अभ्यासकांच्या लेखी ती कोर्लईची क्रिओल पोर्तुगीज. पोर्तुगीज शिपाई आणि इथली धर्मांतरित माणसं यांच्या संसारातून ती तयार झाली. १७४० नंतर पोर्तुगीज गेले, आणि गोव्याशी संबंध उरला तो चर्चपुरता. आसपास सगळीकडे मराठी. अशा वेळी दोन पिढ्यांत भाषा मरायला हवी होती. ती पावणेतीनशे वर्षं टिकली. धर्म वेगळा, लग्नं आपसांत, वस्ती एकत्र, हे त्याचं मुख्य कारण. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण आपल्या वळणाची, क्रियापद शेवटी. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं, ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं.

आळीत शिरण्याआधी वाटाड्याने गाडी थांबवली आणि सांगितलं: कुणालाही पोर्तुगीज बोलून दाखवा म्हणायचं नाही, दारात उभं राहून मोबाइल पुढे करायचा नाही. मागे एका मोठ्या गटाने एका म्हाताऱ्या बाईंना अंगणात बसवून वाक्यावर वाक्यं वदवून घेतली होती. त्यानंतर महिनाभर त्या ओटीवर बसायच्या थांबल्या. आम्ही नुसते चालत गेलो. माउंट कार्मेल चर्चपाशी थांबलो. एका घरासमोर दोन बायका मासळी निवडत होत्या. त्यांचं आपसांतलं बोलणं कानावर पडलं आणि त्यातला एक शब्द कळला नाही, मग एकीने मान वर करून विचारलं, "मुंबईचे का? लाँचने आलात?" अस्सल आगरी-कोळी हेलाची मराठी. पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी मासळीचा भाव विचारला आणि अर्धा किलो सुके बोंबील घेतले. परतीच्या प्रवासात गाडीभर त्यांचा वास होता. कुणी तक्रार केली नाही, निदान तोंडावर.

जेवण चौलला, वाटाड्याच्या ओळखीच्या एका घरी. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, न खाणाऱ्यांसाठी वालाचं बिरडं, सोलकढी. रात्री थांबणाऱ्यांसाठी पोपटी लावतात म्हणाल्या ताई. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात दाबून, मडकं उपडं करून जाळ करायचा. ती थंडीतलीच आणि रात्रीचीच, दुपारच्या पाहुण्याच्या नशिबी नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो अजून शेतात होता. त्याच्या वेण्या रस्त्याकडेला टांगलेल्या दिसायला माघ-फाल्गुन उजाडतो. जेवणाचे पैसे प्रत्येकाने ताईंच्या हातात दिले, सहलीच्या शुल्कात ते धरलेले नव्हते. ही पद्धत मला फार आवडली. बाकी सहलींत गावाला काय मिळतं हे आयोजकाच्या मनावर असतं. इथे प्रवाशाला दिसतं की आपल्या पैशातला कुठला वाटा कुणाच्या ओच्यात गेला.

निघताना रामेश्वराच्या देवळात दोन मिनिटं. पुढे मोठी पुष्करिणी, आत अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडं. अवर्षणात पर्जन्यकुंड उघडायची जुनी प्रथा आहे. चौलला देवळं इतकी आहेत की त्यांचीच एक सहल होईल.

अलिबागेत इस्रायल आळी आहे आणि तिथे मागेन अबोथ हा सिनेगॉग. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. नवगावला ते दफनस्थान आणि स्मारक आहे. नक्की कोणत्या शतकात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वादापलीकडचं आहे ते त्यांचं इथलं आयुष्य: गावोगाव तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून, चेऊलकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी चालवलं.

सिनेगॉगच्या देखभालीचं काम पाहणाऱ्या काकांनी पुरुषांना डोकं झाकायला टोप्या दिल्या आणि प्रश्नांची उत्तरं निवांत दिली. मलिद्याचा विधी, त्यातले गोड पोहे, खोबरं, पाच फळं, प्रेषित एलियाहू हनावीचं नाव. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते दर वेळी जमतातच असं नाही. मुंबई-ठाण्याहून माणसं आली की सण साजरा होतो. "आधी सगळी आळी आमची होती," असं ते म्हणाले, आणि मग लगेच कुणी पाणी घेणार का विचारलं. आमच्या गटातल्या तरुण जोडप्याला इस्रायलच्या तेव्हा चालू असलेल्या युद्धाबद्दल त्यांचं मत हवं होतं. वाटाड्याने शिताफीने विषय खिडक्यांच्या रंगीत काचांवर नेला. गावच्या माणसाला अशा प्रश्नांतून सोडवणं, हेही त्याच्या कामातच येतं.

तिथून कुलाबा किल्ल्याकडे जाताना भूचुंबकीय वेधशाळेचं फाटक लागतं. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, म्हणून गोष्ट रस्त्यावरच ऐकायची. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विद्युत प्रवाहाने सुया बिघडतील हे उघड होतं. संचालक होते नानाभाई मूस. त्यांनी समुद्रापलीकडचं अलिबाग निवडलं, लोखंड कटाक्षाने वर्ज्य करून इमारत बांधून घेतली आणि १९०४ मध्ये काम सुरू केलं. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जुळवता यावी. १९०६ मध्ये कुलाब्याचं काम थांबलं, १९०७ मध्ये ट्राम धावू लागली. नोंदी आजही चालू आहेत. ट्राम १९६४ मध्ये बंद पडली. गटातल्या एका इंजिनिअरला दिवसभरातली ही सर्वांत आवडलेली गोष्ट, आणि ती त्याने फाटकाबाहेर, टपरीवर चहा पिताना ऐकली.

तीनला पाणी हटलं होतं. वाटेत मधे मधे घोट्याएवढी तळी, शेवाळ, खडक. घोडागाडीवाले हाका मारत होते. म्हातारी माणसं आणि मऊ बुटांचे लोक त्यांत बसले. किल्ला १६८० च्या सुमारास, शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात बांधायला घेतलेला. पुढे कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं. तटाचे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींमध्ये शिरून तिचा जोर मोडावा, हा हेतू. वाटाड्याने मुलाला एका फटीत हात घालायला सांगितला; आत कोपरापर्यंत ओल होती आणि एक चिंबोरी. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून या किल्ल्यावर आले, कमोडोर मॅथ्यूजच्या आरमारासकट, आणि हात हलवत परत गेले. बाजीराव मदतीला आल्यावर पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला. कान्होजी १७२९ मध्ये गेले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे, तिथे मात्र त्या दिवशी वेळ पुरला नाही.

आत गोड्या पाण्याची पुष्करिणी आणि १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत आणि त्यांच्यासमोर फोटोची रांग. "कान्होजींच्या तोफा," असं एका दुसऱ्या गटाचा माणूस सांगत होता. आमच्या वाटाड्याने त्यांचा गट जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग आम्हाला घडवणाऱ्याचं नाव वाचायला लावलं: लो मूर, यॉर्कशर. हा कारखाना सुरू झाला १७९१ मध्ये. वजाबाकी त्याने केली नाही, मुलाने केली.

पावणेपाचला त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. कुणी अजून दहा मिनिटं मागितली तर ऐकलं नाही, आणि ते बरोबर होतं. मागे रेंगाळलेल्यांना दर वर्षी पाण्यात अडकावं लागतं, कधी जिवावर बेततं.

अशा सहलींबद्दल तक्रारही आहे. त्या स्वस्त नाहीत, बारा जणांत गाडी आणि वाटाड्याचा खर्च वाटला की आकडा चढतोच. त्यामुळे इथे येतात ती मुंबई-पुण्याची सुखवस्तू, मध्यमवयीन माणसं, म्हणजे आम्हीच. निकितिनच्या स्मारकाभोवती क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना त्याच्या घोड्याची गोष्ट कोण सांगणार? आमचा वाटाड्या शिकवणीच्या मुलांना वर्षातून एकदा फुकट फिरवतो. ते काम एकट्याच्या हौसेवर सोडण्यासारखं नाही. रायगड जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली अजून रिसॉर्ट आणि वॉटर पार्कच्या दिशेने जातात. मुख्याध्यापकांनी एक दिवस चौल-रेवदंड्याला द्यावा, खर्च जवळजवळ नाहीच.

आणि तुम्ही जाणार असाल तर कार्तिक ते माघ या काळात जा. कॅलेंडरवरचा रविवार बघण्याआधी तिथी बघा, दशमी ते त्रयोदशीमधला दिवस धरा, शनिवार सोडा. कोर्लईला जास्त वेळ हवा असेल तर आक्षीनंतर वाटेत कुठेही थांबू नका, किंवा सरळ मुक्काम करा. वाटाड्या निवडताना त्याला आधी भुयाराबद्दल विचारा. फार खुलून सांगू लागला तर दुसरा बघा.